अर्धलीचा पास

दिलखुश टॉकीजच्या नव्या अटी गावात आल्या त्या रागिणीच्या मोबाईलवर. रागिणी म्हणजे ज्ञानबाची सून, बारावी झालेली, वाचायला एकदम खडखडीत. सासरा बकऱ्यांच्या कोठ्याच्या दारात बसून त्यांच्यासाठी बाभळीच्या शेंगा निवडत होता. त्याला तिनं अकराच्या अकरा अटी एका दमात वाचून दाखवल्या. ज्ञानबानं सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाला, "आता हळू वाच. मधी कुटंतरी काहीतरी लपवलं आसंल."

स्वभावच तसा त्याचा. लस टोचायला सरकारी डॉक्टर आला की बाटलीवरची तारीख हा दोन वेगवेगळ्या माणसांकडून वाचून घ्यायचा. पंचायतीनं फुकट रोपं वाटली, तर ती फुकट कशापायी वाटून राहिले हे कळेपर्यंत यानं खड्डा खणला नाही; तोवर रोपं वाळून काडी झाली. कनेरगाव नाक्यावरचा जीपवाला 'शेवटची एकच सीट' म्हणून ओरडला, तर हा आधी वाकून आतली माणसं मोजायचा. साठीला टेकला तरी डोळे झाकून विश्वास टाकावा असा माणूस त्याला जगात एकच सापडला होता, आणि तो म्हणजे उकंडराव.

उकंडराव गावातले बारा एकरांचे धनी. तीस वर्षांखाली त्यांनी पाच बकऱ्या ज्ञानबाला अर्धलीनं दिल्या. अर्धली म्हणजे बकरी एकाची, राखण दुसऱ्याची आणि पिल्लं निम्मी निम्मी. कागद नाही, सही नाही. रानात बकरी व्याली आणि पिल्लू लांडग्यानं नेलं असं राखणाऱ्यानं सांगितलं, की धन्यानं मान हलवायची. तो लांडगा चार पायांचा होता की दोन, हे बघायला कुणी रानात येत नाही. म्हणून अर्धलीवाल्याची खरी इस्टेट एकच, त्याचं नाव. ज्ञानबाच्या नावाला तीस वर्षांत खरचटलंसुद्धा नव्हतं. 'बकरी द्यायची तर ज्ञानबाला' असं आसपासच्या चार गावांत बोललं जायचं, आणि ते कानावर आलं की हा दिवसभर उगाच मिशीवरून हात फिरवायचा.

दोन वर्षांखाली हिंगोलीतली ती बंद पडलेली टॉकीज पुण्याच्या एका कंपनीनं घेतली, खुर्च्या बदलल्या, रंग दिला आणि 'सालभर सिनेमा' नावाचा पास काढला. एकदा पैसे भरायचे आणि वर्षभर कधीही यायचं. पासवर छापलं होतं, 'हा पास दाखवणाऱ्यास प्रवेश'. दारातल्या यंत्राला तो दाखवला की आत. उकंडरावांनी एक पास घेतला आणि सरळ ज्ञानबाच्या हातात ठेवला. "ठेव तुझ्यापाशी. ह्यो बी आपला अर्धलीनं."

झालं. एक मंगळवार ज्ञानबाचा, एक उकंडरावांचा. पास कोठ्यातल्या पत्र्याच्या डबीत असायचा आणि आपल्या पाळीला उकंडराव सोमवारी संध्याकाळी येऊन तो घेऊन जायचे. गावात असे वीसेक पास होते, आणि त्यातला एकही एकट्याचा नव्हता. संतराम शिंप्याचा पास चार भावांत फिरायचा, भिकाबाईचा सहा बायांच्या बचत गटात. विहिरीच्या पाण्याला पाळी असते, बैल सावडीनं जुंपतात, मग पासालाच काय सोनं लागलंय? गाव असा सरळ विचार करणारं. कंपनीला हे ठाऊक नव्हतं, आणि कंपनीला हे खपणार नाही हे गावाला ठाऊक नव्हतं.

आता ठाऊक झालं. एक तारखेच्या आत टॉकीजवर येऊन यंत्रापुढं चेहरा नोंदवायचा. एका पासाला एकच चेहरा. पास दुसऱ्याला दिल्याचं आढळलं तर पास रद्द. नवे पास देणं बंद. असं सगळं त्या अकरा अटींत होतं.

"रेशनला आंगठा, बँकेला आंगठा, आता शिनेमाला तोंड," संतराम पारावर सांगत होता. "उद्या कुणीतरी आपलं तोंड दाखवून सातबारा घेऊन जाईल, मंग बसा बोंबलत."

"मी शिनेमात रडते," भिकाबाई म्हणाली. "ते बी दिसंल काय त्यांना?"

"दिसंल म्हंजे? त्याच्यासाठीच तर तोंड मागून राहिले."

पण खरी आग वेगळीच होती. पास वाटून वापरतात हे कंपनीला सांगितलं कुणी? कुणीतरी चुगली केल्याशिवाय पुण्यातल्या माणसाला आपल्या पारावरचं कसं कळेल? सहा बायांचा गट दोन दिवस एकमेकींशी सरळ बोलत नव्हता. संतरामच्या धाकट्या भावानं थोरल्याच्या घरचं पाणी पिणं सोडलं. दोन वर्षं ज्यांनी गोडीनं पाळी पाळली, ते आता एकमेकांच्या तोंडाकडं संशयानं बघत होते.

ज्ञानबाला हसू येत होतं. त्याच्या आणि उकंडरावांच्या मधे असलं काही यायला जागाच नव्हती. हसू टिकलं ते त्याच संध्याकाळपर्यंत, कारण रागिणीनं मोबाईलवरचा कागद आणखी खाली सरकवला.

"मामा, खाली तुमची हजेरी बी दिलीया. या पासवर गेल्या सालात चोवीस शिनेमे बघितले म्हणून."

शेंगा निवडणारा हात थांबला. ज्ञानबाला लिहिता येत नव्हतं, पण मोजण्यात त्याचा हात धरणारा गावात कुणी नव्हता. पाहिलेला एकेक सिनेमा त्यानं बोटांच्या पेरांवर घेतला. एकदा तापानं गेला नव्हता, एकदा काळी बकरी अडली म्हणून. उरले किती? चोवीस. चोवीसच्या चोवीस त्याचे स्वतःचे.

"मंग उकंडरावाचे कुटं हायेत?"

"तेच तर," रागिणी म्हणाली. "यंत्रात न्हाईत."

पहिल्यांदा त्यानं कंपनीवर संशय घेतला. तो हाताशीच असायचा. मग यंत्रावर. पण यंत्रानं त्याचा एकही सिनेमा खाल्ला नव्हता आणि उकंडरावांचा मात्र एकही धरला नव्हता, असं यंत्र कुठं असतं? मग त्याला एकेक आठवायला लागलं. उकंडराव सिनेमाची गोष्ट सांगायचे ती नेहमी दोन वाक्यांत उरकायची. 'मारामारी लई व्हती. शेवटाला सगळे एक झाले.' पासाला मोबाईल नंबर द्यायची वेळ आली, तेव्हा स्वतःचा नंबर असताना त्यांनी रागिणीचा द्यायला लावला होता. तवा काहून दिला न्हाई सोताचा?

शेतकरी माणूस दर पंधरा दिवसांनी हिंगोलीला जातो, सिनेमाला म्हणून जातो, आणि सिनेमाला जात नाही. मग बाजारात करतो काय? बाजारात बकऱ्यांचे व्यापारी असतात. बाजारात शेजारच्या गावचा जगनही असतो, जो गेल्या सालापासून अर्धलीच्या बकऱ्या शोधत फिरत होता. ज्ञानबाचं डोकं तिथं येऊन थांबलं आणि तिथून हलेना. उकंडराव बकऱ्या काढून घेणार. चार गावं विचारतील, तीस वर्षांनी का काढल्या? आणि आपल्याआपणच उत्तर देतील.

सोमवारी संध्याकाळी उकंडराव कोठ्यावर आले. बसले नाहीत, उभ्याउभ्याच म्हणाले, "ज्ञानबा, चेहरा माझा लावू. पास माझ्या नावावर हाय."

तीस वर्षांत ह्या माणसाच्या तोंडून 'माझं' हा शब्द ज्ञानबानं ऐकला नव्हता. शेळीचं पिल्लूसुद्धा 'आपलं' असायचं.

"तुमाला शिनेमा लई आवडतो, न्हाई?" ज्ञानबानं विचारलं.

"हां, आवडतो की."

"मागच्या मंगळवारी काय व्हतं?"

"मारामारी लई व्हती," उकंडराव म्हणाले आणि नजर बकऱ्यांकडं वळवली.

मागच्या मंगळवारी पडदा फाटला म्हणून टॉकीज बंदच होती. संतरामनं येऊन सांगितलं होतं. ज्ञानबाला जे दुखलं ते सांगता येण्यासारखं नव्हतं. परक्या माणसानं फसवलं असतं तर तो खूश झाला असता, आपला अंदाज खरा ठरला म्हणून.

मंगळवारी गावातून दोन जीपा भरून गेल्या. टॉकीजच्या खिडकीपुढं रांग लागली. उकंडराव पुढं, कापडी पिशवी काखेत घट्ट धरून. मागं ज्ञानबा. त्यांच्या मागं भिकाबाई, संतराम आणि सगळी वाटेकरी मंडळी. उकंडरावांचा पोरगा स्वप्निलही होता. त्याचं बियाण्याच्या दुकानात काम होतं, पण ज्याचा चेहरा त्याच्याच मोबाईलवर कंपनीचा आकडा येणार आणि बापाला तो वाचता येणार नाही, म्हणून तो रांगेच्या कडेला थांबला होता.

स्वप्निल कष्टाळू, पण रागीट. तीन वर्षांखाली त्याची बहीण सृष्टी हिनं हिंगोलीत आपल्या मनानं, परजातीतल्या मुलाशी लग्न केलं, तेव्हा त्यानं पारावर उभं राहून सांगितलं होतं, की तिच्या दारात जो जाईल तो माझा कुणी नाही, मग तो बाप का असेना. उकंडरावांनी तेव्हा मान खाली घातली होती. तेव्हापासून बाजारहाट स्वप्निलच करायचा. बापाला हिंगोलीला जायचं कामच तो ठेवायचा नाही. सिनेमा तेवढा राहिला होता.

"कोणाचा चेहरा घ्यायचा?" खिडकीतली पोरगी म्हणाली.

"माझा," उकंडराव पुढं झाले.

"एक मिनिट!" ज्ञानबाचा आवाज चढला तो त्याचा त्यालाच ओळखू आला नाही. "बाई, आधी ह्या पासाची हजेरी वाच. तारखांसकट वाच. मोठ्यानं."

"कशाला आजोबा?"

"कुनी बघितलं अन कुनी न्हाई, ते समद्यांना कळू दे. ज्यानं बघितलं त्याचा चेहरा."

रांग जवळ सरकली. संशयानं पोटं फुगलेली माणसं ती. दुसऱ्याचं उघडं पडतंय म्हटल्यावर कान टवकारले. पोरगीनं यंत्रात बघून तारखा वाचल्या. एक मंगळवार आहे, एक नाही. एक आहे, एक नाही. जवळजवळ सबंध वर्ष असंच.

"आहेत ते माझे!" ज्ञानबा म्हणाला. "न्हाईत ते ह्यांचे. ईचारा ह्यांना!"

कुणीतरी हसलं. स्वप्निल मात्र हसला नाही. तो कडेचा पुढं आला.

"बाबा, मंग तुमी मंगळवारी जाता कुटं?"

उकंडरावांनी काखेतली पिशवी छातीशी धरली. सत्तरीचा धिप्पाड माणूस, पण त्यांनी ती इतकी आवळली की तिचं तोंड उघडं पडलं. बाजूला उभ्या ज्ञानबाला आतलं सगळं दिसलं. ओल्या तुरीच्या शेंगा, आणि शेंगांवर एक लाल टोपडं. दोन बंदांचं, मुठीत मावेल एवढं. नवं.

ज्ञानबाला एका क्षणात सगळं लख्ख कळलं. व्यापारी नव्हता, जगन नव्हता. सृष्टीला लेकरू झालं होतं, आणि हा म्हातारा दर पंधरा दिवसांनी सिनेमाचं नाव करून लेकीच्या दारात जात होता. आणि ते गावापुढं, पोराच्या देखत ओढून बाहेर काढलं कुणी? मी. माझ्या जिभेनं. त्याला स्वतःची एवढी लाज आयुष्यात वाटली नव्हती.

"बाबा, मी ईचारून राहिलो," स्वप्निल म्हणाला. "कुटं जाता? अन ह्या पिशवीत काय हाय?"

त्याचा हात पिशवीकडं गेला. ज्ञानबा मधे आला.

"त्यांना काहून ईचारतो? मला ईचार. ते कुटंच जात नव्हते. म्या त्यांना पास दिलाच न्हाई."

"म्हंजे?"

"म्हंजे न्हाई दिला. डबी माझ्यापाशी, पास माझ्यापाशी. त्यांची पाळी आली की म्या म्हनायचो, हरवला, शोधतो, पुढच्या टायमाला देतो. ते शरमेनं कुनाला बोलले न्हाईत. यायचे अन बसस्टँडवर बसून जायचे."

"काका, तुमी?" स्वप्निलला खरं वाटेना. "काहून पण?"

आता काहून म्हणजे काय सांगावं? दुसऱ्यांच्या खोटेपणावर आयुष्यभर नजर ठेवणाऱ्या माणसाला खोटं बोलायची सवय नव्हती. पण उत्तर त्याचं त्यानंच मघाशी ओरडून ठेवलं होतं.

"हजेरी माझी एकट्याची लागावी म्हणून. ज्याची हजेरी त्याचा पास, असं आज ना उद्या निघणार हे मला ठावं व्हतं. म्हणून तर वाचाया लावली."

मग भिकाबाई म्हणाली, "अगं बया, अर्धलीचं खाल्लं!" आणि तिच्या मागून कुजबुज सुरू झाली. संतराम म्हणाला, "ह्यानंच चुगली केली आसंल कंपनीला. बराबर! दुसरा कोन?" दोन दिवस सगळं गाव ज्याला शोधत होतं तो माणूस सापडल्याचा आनंद सगळ्यांच्या तोंडावर उमटला. चारही भाऊ एकमेकांकडं बघून प्रेमानं मान हलवायला लागले.

उकंडरावांनी तोंड उघडलं. "ज्ञानबा, आरं तू—"

"तुमी बोलू नका," ज्ञानबानं त्यांचं मनगट दाबून धरलं. "लई सोसलं तुमी. लावा तुमचा चेहरा."

पोरगीनं उकंडरावांना यंत्रापुढं उभं केलं. डोळ्यांत पाणी असल्यामुळं यंत्र चेहरा घेईना. तीनदा पुसून घ्यावं लागलं. स्वप्निल बापाशी एकदम मऊ आवाजात बोलत होता. "तुमी मला सांगायचं ना बाबा. सालभर बसस्टँडवर बसलात? आता दर मंगळवारी जायाचं शिनेमाला, मी सोता जीपमदी बसवून देतो. बघू कोन आडवतं."

परत निघताना गर्दीत उकंडराव ज्ञानबाच्या बाजूला आले. खालच्या आवाजात म्हणाले, "पोरगी झाली तिला. चार म्हैन्याची हाय. पास गेला आसता तर मला हिंगोलीला यायला निमित्त नव्हतं. तुला सांगनार व्हतो, पर तू धा सवाल ईचारले आसते."

"ईचारले आसते," ज्ञानबा म्हणाला. "गेटात चेहरा दाखवा, अन मागच्या दारानं निघा. मधल्या सुट्टीत ते उघडंच आसतं. यंत्राला तेवढं कळत न्हाई."

"अन तुझं काय? लोक काय म्हनतील तुला?"

"माझं मी बघतो."

जीपमध्ये त्याच्या शेजारी कुणी बसलं नाही.

आठवडाभरात चार गावांत झालं. संतरामनं ते कपड्यांबरोबर घरोघर पोचवलं. रागिणी मात्र गप्प होती. एके सकाळी ती कोठ्याच्या दारात येऊन उभी राहिली.

"मामा, दर दुसऱ्या सोमवारी उकंडरावमामा डबीतून पास घेऊन जायचे. म्या माझ्या डोळ्यानं पाह्यलं."

"पाह्यलं आसंल तर इसरून जा."

"लोक तुमाला चोर म्हनून राहिले!"

"म्हनू दे. कुनाचं तरी लेकरू हाय त्याच्यात," ज्ञानबा म्हणाला. पुढं तिनं खूप विचारलं, पण त्यानं सांगितलं नाही.

पुढच्या मंगळवारी सकाळी स्वप्निलनं बापाला जीपमध्ये बसवून दिलं आणि तिथूनच तो कोठ्यावर आला.

"काका, राग मानू नका," तो म्हणाला. त्याच्याच नजरेत राग मावत नव्हता. "एका पासासाठी तुमी बाबांना असं केलं, तर तीस वर्षांत पिल्लं किती लांडग्यानं नेली अन किती कुनी, ते मी कसं मानू? आमच्या वाट्याच्या बकऱ्या आजपासून जगनकडं. बाबांना मी सांगतो."

एक वाक्य बोललं असतं तर सगळं थांबलं असतं. ते वाक्य ज्ञानबाच्या अगदी ओठावर आलं. मग त्याला वाटेवरची जीप आठवली, आणि त्यात कापडी पिशवी मांडीवर घेऊन बसलेला म्हातारा. कनेरगाव नाका ओलांडला असेल एव्हाना.

"ने," तो म्हणाला. "जगन चांगला राखतो."

एकवीस बकऱ्या वेगळ्या काढल्या. स्वप्निलनं हाकारलं, काठी आपटली, पण बकऱ्या चार पावलं जायच्या आणि वळून ज्ञानबाच्या पायाशी यायच्या. तासभर तसंच चाललं. स्वप्निल घामाघूम झाला. शेवटी ज्ञानबानं खांद्यावर घोंगडी टाकली आणि स्वतः पुढं चालायला लागला. मग त्या मुकाट त्याच्या मागं आल्या. शिवारातून, शेंगांनी लदलेल्या तुरीच्या पट्ट्यांमधून, शेजारच्या गावापर्यंत तो आपल्या बकऱ्या दुसऱ्याच्या दारात सोडायला स्वतः गेला. वाटेत भेटलेल्यांनी रामराम घातला नाही. त्याला रडू आलं ते ओढ्याच्या उतारावर, आणि ते त्यानं घोंगडीत पुसलं.

जगन वाड्याच्या दारात उभा होता. ज्ञानबानं एकेक बकरी पाठीवर हात ठेवून आत सोडली, प्रत्येकीची खोड सांगितली. ही कानात तेल घातल्याशिवाय गप बसत नाही, हिचं दूध उजवीकडून आधी काढायचं, ती काळी अडते, तिच्यापाशी थांबावं लागतं. शेवटची आत गेल्यावर म्हणाला, "एकवीस. बराबर हायेत."

"हां," जगन म्हणाला. त्यानं एकदा ज्ञानबाच्या तोंडाकडं पाहिलं, दार लोटलं आणि आत जाऊन बकऱ्या पहिल्यापासून मोजायला घेतल्या.